तलावकाठी घर आणि दारात बोट: आधी पातळी, मग पाणी, मग वल्हं

तलावकाठी जागा घेतली की बहुतेक जण पहिल्यांदा बोट आणतात. मग ती बांधायला धक्का बांधतात, आणि पाणीपातळीचा विचार करतात तो धक्का कोरडा पडला किंवा बुडाला की. हा क्रम उलटा आहे आणि त्यातूनच पुढचे घोळ होतात. इंजिनाचा पाण्यातला पंखा खडकावर आपटतो, आखूड बांधलेली बोट रात्रीत पाण्याने भरते, ओळखीच्या वाटेवर बुंधा लागून बोट कलंडते. तुम्हाला पाठ झालेला तलाव हा एका ठरावीक पातळीचा तलाव असतो. पातळी मीटरभर बदलली की उथळ जागा, खडक, प्रवाह आणि काठ सगळं बदलतं.

खालचे टप्पे नैसर्गिक तलावालाही लागू आहेत आणि धरणाच्या जलाशयालाही. वल्ह्याची बोट असो वा मागे इंजिन लावलेली छोटी बोट, क्रम मात्र सोडू नका.

## टप्पा 1: आपल्या पाण्याचा मालक कोण, ते शोधा

मालकीचा कागद मागत नाही. पातळी कोण आणि काय ठरवतं, एवढंच विचारतोय.

नैसर्गिक तलावात पातळी सहसा दिवस-आठवड्यांच्या गतीने हलते. पाऊस, येणारे ओढे, बाष्पीभवन आणि बाहेर जाणारी नदी हे तिचे चार हिशेब. धरणाच्या जलाशयात पाचवा हिशेब असतो आणि तोच सगळ्यांवर भारी पडतो: दरवाजे चालवणारं कार्यालय. आकाश निरभ्र असतानाही पातळी झपाट्याने उतरू शकते किंवा वर कुठे पाऊस झाला म्हणून चढू शकते.

कार्यालयाकडून तीन आकडे मागून घ्या आणि शक्यतो लेखी घ्या: पूर्ण संचय पातळी, पुराच्या वेळची कमाल पातळी आणि पाणी जास्तीत जास्त किती खाली नेतात ती पातळी. हे आकडे बहुधा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत असतात. काठावर काहीही बांधायचं असेल तर परवानगीही इथेच विचारा.

इथे हमखास चुकतं: पूर्ण संचय पातळी म्हणजे पाण्याची शेवटची हद्द, असा समज. पुरात पाणी त्याच्याही वर जाऊ शकतं आणि त्यासाठीच वेगळा आकडा ठेवलेला असतो. "इथवर पाणी कधीच येत नाही" हे शेजाऱ्याचं वाक्य म्हणजे त्याने पाहिलेल्या वर्षांपुरतं मत आहे. घर, विजेचं मीटर, पेट्रोलची साठवण हे सगळं कमाल पातळीवरून ठरवा.

## टप्पा 2: मोजपट्टी रोवा, आणि तिचं शून्य ओळखा

या टप्प्यावर वेळ घालवा, बाकीचं काम त्याने निम्मं होतं.

पट्टी कशावर लावायची? न हलणाऱ्या वस्तूवर: पक्का खडक, काँक्रीटची भिंत, पुलाचा खांब. चिखलात ठोकलेला लाकडी वासा चालत नाही, तो खचतो, कलतो, गोठणाऱ्या प्रदेशात बर्फामुळे उचललाही जातो. पट्टीवर सेंटीमीटरच्या खुणा हव्यात आणि दर दहा सेंटीमीटरला लांबून वाचता येईल असा आकडा. काठावर, पाण्यापासून दूर, दगडावर किंवा जोत्यावर एक पक्की खूण करून ठेवा आणि तिची पट्टीच्या शून्यापासूनची उंची लिहून ठेवा. पट्टी कधी हलली तर ती या खुणेवरूनच कळेल.

आता तिला अधिकृत पातळीशी जोडायचं. वारा पडलेल्या दिवशी, कार्यालय पातळी जाहीर करतं त्याच वेळेला पट्टी वाचा. समजा जाहीर पातळी 612.40 मीटर आहे आणि पट्टीवर 1.35 मीटर दिसतंय. म्हणजे तुमच्या पट्टीचं शून्य 611.05 मीटरवर आहे. पुढे कधीही पट्टीच्या आकड्यात 611.05 मिळवलं की पातळी हातात. हा हिशेब दोन-तीन वेगवेगळ्या शांत दिवशी करून बघा. शून्य दर वेळी दोन-तीन सेंटीमीटरच्या आत जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर पट्टी हलतेय किंवा वाचन चुकतंय.

लाटांमुळे आकडा स्थिर दिसत नसेल तर पट्टीशेजारी एक पारदर्शक नळी उभी बसवा, खालून बंद आणि खाली एक बारीक भोक पाडलेली. नळीतलं पाणी लाटांबरोबर नाचत नाही.

फुटांत आकडे मिळाले तर 1 फूट म्हणजे 30.48 सेंटीमीटर. आणि नकाशा व जाहीर पातळी एकाच मूळ संदर्भाची (उंची मोजायला धरलेल्या शून्याची) आहेत ना, हे बघा. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांना 1985 चा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संदर्भ आहे, तो जमिनीच्या नकाशांच्या संदर्भाशी तंतोतंत जुळत नाही. दोन वेगळ्या संदर्भांचे आकडे वजा केले की उत्तर चुकीचं येणारच.

सावधान, वारा पातळी खोटी दाखवतो. लांबट आणि उथळ तलावात जोराचा वारा पाणी एका टोकाला ढकलतो, कलत्या परातीतल्या पाण्यासारखं. ईरी सरोवरात मोठ्या वादळात दोन टोकांच्या पातळ्यांत 2 मीटरहून जास्त फरक पडलेला आहे. वारा थांबला की हे पाणी परत येतं, पलीकडे जातं, पुन्हा येतं, काही तास हेलकावत राहतं. छोट्या तलावात हा फरक सेंटीमीटरांत असतो, पण वाऱ्यातल्या वाचनावर निर्णय घेऊ नये एवढं खरं.

### आकडा नको, वेग बघा

आजची पातळी किती यापेक्षा कालपासून किती बदलली हे जास्त कामाचं. वहीत तारीख, वेळ, आकडा, वारा या चार रकान्यांपलीकडे काही लागत नाही.

पावसाचा अंदाज बांधायला साधा गुणाकार पुरतो. तलावाच्या पृष्ठभागाच्या वीसपट पाणलोट क्षेत्र आहे, तिथे 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर तलाव सुमारे 50 सेंटीमीटर चढेल. थेट तलावावर पडलेल्या पावसाचे 5 सेंटीमीटर वेगळे. बाहेर जाणारं पाणी यातून वजा करायचं. हे सगळं लगेच येत नाही, काही तास ते काही दिवस लागतात, आणि लोक फसतात ते इथेच. पाऊस थांबला, ऊन पडलं, बोट काढली, आणि पाणी तेव्हाच चढायला लागलं.

## टप्पा 3: पाणी उतरलेलं असताना काठाचा नकाशा करा

पाणी खाली गेलं की लोक वैतागून बोट झाकून ठेवतात. खरं तर काठाची पाहणी करायचे हेच दिवस. उघडे पडलेले खडक, झाडांचे बुंधे, जुन्या भिंती, कुंपणाचे खांब, तारा या सगळ्यांचे फोटो घ्या आणि प्रत्येकाच्या माथ्याची उंची पट्टीच्याच आकड्यात लिहा. पाणी चढताना ज्या क्षणी खडकाचा माथा बुडतो त्या क्षणीची पट्टी म्हणजेच त्याची उंची. याहून सोपी मोजणी नाही.

समजा एका खडकाचा माथा पट्टीवर 0.55 ला बुडतो. आज पट्टी 1.35 आहे. म्हणजे खडकावर 80 सेंटीमीटर पाणी. माणसं बसलेली बोट, इंजिन खाली सोडलेलं असताना, 60 सेंटीमीटर बुडत असेल तर उरले 20. लाटेच्या खळग्यात तेही जातात. वरून मात्र तिथे निळंशार सपाट पाणी दिसतं.

बोटीची बुडी रिकामी मोजू नका. नेहमीचं सामान, इंधन आणि माणसं चढवून, पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजा.

उताराचाही हिशेब ठेवा. काठ वीसला एक या प्रमाणात उतरत असेल तर पातळी अर्धा मीटर घटल्यावर पाणी 10 मीटर मागे सरकतं. सपाट काठाच्या जागा घेणाऱ्यांना हा धक्का पहिल्याच कोरड्या हंगामात बसतो.

सावधान: नुकता उघडा पडलेला गाळ वरून सुकून भेगाळलेला दिसतो, खाली मऊ असतो. मुलांना त्यावर धावू देऊ नका. स्वतः जायचंच असेल तर रुंद फळी टाकून, दोर बांधून, काठावर दुसरा माणूस ठेवून जा.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची पातळी खालची नसते, चढती असते. कोरड्यात जे डोळ्यांना दिसत होतं तेच आता वीतभर पाण्याखाली असतं. त्यात काठावरची लाकडं, डबे, पिंपं उचलून पाणी मध्यावर आणतं. अर्धवट भिजलेला ओंडका तर जवळजवळ उभा तरंगतो आणि त्याचं जेमतेम टोक वर असतं.

## टप्पा 4: धक्का, दोर आणि वीज

तुमच्या तलावाची पातळी वर्षात मीटरभराहून जास्त हलत असेल तर स्थिर धक्क्याच्या भानगडीत पडू नये. तरंगता धक्का, उभ्या खांबांवर सरकणाऱ्या कड्यांनी धरलेला, हा रास्त उपाय. पण खांब पुराच्या कमाल पातळीच्या वर किमान मीटरभर असले पाहिजेत, नाहीतर ऐन पुरात कडी वरून निसटते आणि धक्का बोटीसकट निघून जातो. काठावरून धक्क्यावर जाणाऱ्या फळीचा उतार पातळीबरोबर बदलतो. ती दोन्ही टोकांना घट्ट ठोकू नका, एक टोक बिजागरीवर आणि दुसरं चाकावर ठेवा.

स्थिर धक्काच असेल तर सगळा खेळ दोराचा आहे. आखूड बांधलेली बोट पाणी चढलं की दोराने खाली ओढली जाते किंवा तिची कड धक्क्याच्या तुळईखाली अडकते, आणि मग पाणी आत. पाणी उतरलं की तीच बोट दोरावर लोंबकळते. पुढचा आणि मागचा दोर लांब, तिरके, विरुद्ध दिशांना जाणारे ठेवा. मग बोट वर-खाली होऊ शकते पण फार भटकत नाही. गाठ अशी हवी की ताण असतानाही सुटेल.

शिडी विसरू नका. सर्वात खालच्या पातळीलाही तिच्या तीन पायऱ्या पाण्यात असल्या पाहिजेत. पाण्यात पडलेला, दमलेला माणूस हातांच्या बळावर वर येत नाही.

सावधान, वीज. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेचं चांगलं वाहक आहे. धक्क्यावरच्या दिव्याची किंवा पंपाची वायर सदोष असेल तर पाण्यात झिरपणारा प्रवाह पोहणाऱ्याच्या अंगातून जातो आणि स्नायू आखडतात. बाहेरून बघणाऱ्याला तो नुसता बुडताना दिसतो. म्हणून:

- धक्क्याच्या लाईनला 30 मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं चाचणी बटण दर महिन्याला दाबा.
- वीज सुरू असलेल्या धक्क्याजवळ कोणीही पोहायचं नाही.
- पाण्यात झिणझिण्या आल्या तर धक्क्याकडे येऊ नका, आलात तसे मागे फिरा.
- कोणी अडकलं तर आधी मेन स्विच बंद करा. उडी मारू नका.

## टप्पा 5: मर्यादा आधी लिहा, उत्साह नंतर

निघताना ठरवायचं म्हटलं की मन नेहमी "जाऊ या" म्हणतं. म्हणून पट्टीशेजारी फलक लावा आणि त्यावर तुमच्याच आकड्यांत तीन ओळी लिहा.

पहिली: या आकड्याखाली इंजिन नाही, फक्त वल्हं. हा आकडा टप्पा 3 मधल्या सर्वात उंच खडकावरून, बोटीची बुडी आणि वर अर्धा मीटर मोकळीक धरून काढायचा. दुसरी: पाणी या आकड्याच्या वर गेलं की बोट पाण्यात नाही, ती ओढून काठावर. तिसरी ओळ वेगाची. माझा ठोकताळा असा: दोन तासांत दहा सेंटीमीटर चढलं तर कोणीही निघायचं नाही आणि बाहेर असलेल्यांना बोलवायचं. तुमचा तलाव लहान-मोठा असेल त्याप्रमाणे आकडा बदला, पण लिहिलेला असू द्या.

धरण असेल तर चौथी ओळ: सांडवा आणि पाणी उचलण्याच्या जागेजवळची तरंगत्या खुणांची रांग ओलांडायची नाही. वरून पाणी शांत दिसलं तरी खाली ओढ असते, ती कळेपर्यंत छोट्या इंजिनाचं काही चालत नाही. धरणाच्या खालच्या बाजूला भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका.

## टप्पा 6: दोर सोडण्याआधी

क्रमाने करा, घाईत उड्या मारू नका.

1. पट्टी वाचा, कालच्या आकड्याशी ताडा.
2. वारा बघा. पांढरे फेस तुरळक दिसायला लागले तर वारा साधारण 12 ते 19 किलोमीटर वेगाचा, जागोजाग दिसले तर 20 ते 28. दुसऱ्या स्थितीत छोटी बोट काठालाच राहते. वारा काठावरून आत वाहत असेल तर जास्त सावध राहा: घराजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, लाटा पलीकडे तयार होत असतात.
3. मेघगर्जना ऐकू आली तर शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा.
4. तळाची बूच लावली का? बोट काठावर पाणी काढायला उघडी ठेवतात आणि तशीच ढकलतात. हसू येतं, पण होतं.
5. इंधन. सुटी टाकी जमिनीवर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचते. इंजिन आत बंदिस्त असेल तर सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा हवेचा पंखा किमान चार मिनिटं चालवा.
6. वजन. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तीच अंतिम. नसेल तर 20 फुटांखालच्या साध्या एकतळी (एकाच सांगाड्याच्या) बोटीसाठी लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले 15. 14 बाय 5 ची बोट असेल तर 4.67 येतात, म्हणजे चार माणसं. पाच नाही. हा हिशेब माणशी सुमारे 68 किलो आणि शांत हवा धरून आहे.
7. लाईफ जॅकेट अंगावर. बाकाखाली नाही, अंगावर.

जॅकेटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आयएसओ 12402 या मानकानुसार त्यावर 50, 100, 150 असे तरंगवण्याच्या ताकदीचे, न्यूटनमधले आकडे असतात. 50 चं जॅकेट ज्याला पोहता येतं आणि मदत जवळ आहे त्याच्यापुरतं. ते बेशुद्ध माणसाला उताणा करत नाही. न पोहणारे आणि मुलं यांना 100 किंवा त्याहून वरचं, मानेमागे आधार असलेलं द्या. मापाची चाचणी अशी: सगळे पट्टे आवळा, हात वर करायला सांगा आणि खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मुलाला मोठं घेणं ही सगळ्यात नेहमीची चूक. फुगणारं जॅकेट असेल तर गॅसची नळी घट्ट आहे ना, वापरलेली नाही ना, हे दर वेळी बघा.

8. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवा.
9. काठावरच्या एका माणसाला सांगा: कोण, कुठे, कधी परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला फोन करायचा. शेवटचा भाग लोक सांगतच नाहीत.

तपासा: शिट्टी, विजेरी, पाणी उपसायला डबा, सुटं वल्हं, नांगर, फेकायचा दोर, पाण्यापासून झाकलेला फोन. दारू निघण्याआधी नाही आणि बोटीतही नाही.

## टप्पा 7: पाण्यावर, आणि पाण्यात

बसून राहा, वजन खाली आणि मध्ये. मासा ओढायला किंवा फोटो काढायला उभं राहिलं की छोटी बोट उलटते. लाटांना आडवी बोट देऊ नका, पुढचं टोक थोडं तिरकं ठेवून कापा. नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधा. मागून बांधला तर लाटा सपाट मागच्या कडेवरून आत येतात. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा. दोन इंजिनबोटी आडव्या येत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने वाट द्यायची. इंजिन सुरू असताना बोटीच्या मागच्या कडेला कोणाला लोंबकळू देऊ नका, तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो.

कोणी पडलं तर पहिलं काम इंजिन बंद करणं. बोट उलटली तर ती सोडू नका. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि उलटी बोट शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा लवकर दिसते.

थंड पाण्यासाठी तीन आकडे लक्षात ठेवा: 1, 10, 1. अगदी थंड पाण्यात पहिलं 1 मिनिट धाप लागते, त्यात फक्त तोंड वर ठेवायचं आणि श्वास आवरायचा. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात बोटीवर चढा किंवा दोर पकडा. शरीर गारठून शुद्ध जायला सुमारे 1 तास लागू शकतो, पण जॅकेट नसेल तर तिथवर गोष्ट जातच नाही. हवा उबदार असली तरी पाण्याचं तापमान वेगळं मोजा.

काठावरून वाचवताना क्रम असा: ओरडून धीर द्या, काठी किंवा वल्हं पुढे करा, तरंगणारी वस्तू दोराला बांधून फेका, शेवटी बोट. पोहत जाणं यात नाही.

## टप्पा 8: पूर येऊन गेल्यावर

पाणी उतरलं म्हणजे झालं असं नाही. सर्वात आधी वीज: भिजलेली लाईन वायरमनने तपासल्याशिवाय सुरू करू नका. मग धक्क्याचे खांब, कड्या, फळी. त्यानंतर काठावरच्या पक्क्या खुणेवरून पट्टीचं शून्य पुन्हा मोजा, कारण ओंडक्याचा एक धक्का पट्टी चार-पाच सेंटीमीटर सरकवायला पुरेसा असतो.

शेवटी जुना नकाशा बाजूला ठेवा. पुराने गाळ हलवलेला असतो, नवे बुंधे आणलेले असतात, ओढ्याच्या तोंडाशी उथळा तयार झालेला असतो. दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेला दोर घ्या, टोकाला वजन बांधा आणि वल्हं मारत, इंजिन असेल तर ते वर उचलून, धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंतची वाट मोजत जा. खोली मोजाल तेव्हाची पट्टी शेजारी लिहा. ती नसेल तर खोलीचा आकडा पुढच्या आठवड्यात निरुपयोगी होतो.